वळिवड्याचे पाहुणे आणि एक शौर्यपदक



दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागितला की मी ड्यूटीचे कारण सांगून सुटका करून घेतो. या वर्षी कार्यकारिणीने ऐकले नाही. मी काही इतिहासकार नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांच्या देखभालीत वीसेक वर्षे गेली. पण माझे मूळ गाव मिरज-कोल्हापूर मार्गावरचे. शेजारच्या वळिवडे स्टेशनाची हकीकत आपल्या दिल्लीत वाढणाऱ्या मुलांना माहीत असावी, असे मनापासून वाटते.

निमित्त झाले २१ ऑगस्ट २०२४ च्या बातमीचे. पोलंडच्या भेटीवर गेलेल्या आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला आणि मोंते कासिनोच्या स्मारकालाही पुष्पचक्र वाहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शर्माजींनी विचारले, "भाईसाब, आपका कोल्हापूर वहाँ कैसे पहुँच गया?" त्यांना चहाबरोबर जे सांगितले, तेच येथे मांडतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया यांनी दोन्ही बाजूंनी पोलंड गिळला. पूर्वेकडील लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांनी त्यांच्यातून फौज उभारली. १९४२ मध्ये यांतली बरीच माणसे इराणात पोहोचली. पुरुष लढाईवर गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांच्यासाठी जागा शोधावी लागली. काही मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आश्रय दिला. सर्वांत मोठी वसाहत मात्र १९४३ मध्ये आपल्या वळिवड्याला झाली. सुमारे ५,००० माणसे तेथे राहिली. शाळा, चर्च, नाटके, सगळे त्यांनी तेथे उभे केले.

माझी आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. तिची आई कँपात अंडी विकायला जाई. एक गिऱ्हाईक बाई दर वेळी सैनिकी वेषातल्या नवऱ्याचा फोटो दाखवी. एके दिवशी तिने फोटो दाखवला नाही. पणजीने काही विचारले नाही. वर दोन अंडी जास्त ठेवली आणि परत आली.

ते पुरुष कोठे होते? इटलीत. मोंते कासिनोचा डोंगर चार महिने पडत नव्हता. आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजननेही तेथे रक्त सांडले होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर झेंडा लावला. त्यांचे ९००हून अधिक जवान तेथे कामी आले.

अशा शूरांना पोलंड जे सर्वोच्च लष्करी पदक देतो, त्याचे नाव 'व्हिर्तुती मिलितारी'. राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याने १७९२ मध्ये ते सुरू केले. त्याच वर्षी त्यावर बंदी आली आणि १७९५ मध्ये पोलंड नकाशावरूनच पुसला गेला. स्वतंत्र पोलंडने १९१९ मध्ये पदक पुन्हा सुरू केले. आंदेर्स यांच्या छातीवरही ते होते.

पण खरी परीक्षा पुढे होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे दोस्त राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला. म्हणजे या सैनिकांची आणि वळिवड्यातल्या बहुतेकांची घरेच गेली. तरीही ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पोलिश सैनिक हल्ल्याला उतरले, आणि २१ एप्रिलला बोलोन्या शहरात शिरले.

त्याच ९ एप्रिलला, त्याच सेनिओ नदीवर, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा आपला नामदेव जाधव लढत होता. नगर जिल्ह्यातला निमजचा हा गडी. दोन जखमी साथीदारांना त्याने एकेक करून गोळीबारात, सुरुंगांतून, पाण्यातून पलीकडे सुखरूप पोहोचवले. स्वतः जखमी असताना शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या बंद पाडल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाचा देश हातातून गेलेला, दुसऱ्याचा देश अजून पारतंत्र्यात. तरी दोघेही मागे हटले नाहीत. आमच्या खात्यात कामाआधी मंजुरी लागते. या माणसांनी फळाची कसलीच हमी न मागता काम केले.

१९४८ पर्यंत कँप रिकामा झाला. बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांच्या बराकींत फाळणीतून आलेले सिंधी बांधव राहिले आणि आजचे गांधीनगर वसले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचे स्मारक आहे. गावी जाल तेव्हा मुलांना जरूर दाखवा.

आपणही पोटापाण्यासाठी घरापासून दूर आलेली माणसे. फरक इतकाच, की आपल्याला सुट्टी मंजूर झाली की तिकीट काढून घरी जाता येते. शौर्यपदक पुरुषांना मिळाले, ते योग्यच. पण ज्या बाईने फोटो दाखवणे बंद केले आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत पाठवले, तिचीही आठवण त्या पदकाबरोबर ठेवू या. आणि जास्तीच्या दोन अंड्यांचीही.

गणपती बाप्पा मोरया!