ख्रिस्टीन धबधब्यावरचा पूल

पूल हे मानवी कर्तृत्वाचे उघड प्रदर्शन असते. दरीने घातलेली मर्यादा आपण ओलांडली, हे तो दुरूनच जाहीर करतो. परंतु काही पूल हे कर्तृत्व झाकून ठेवण्याच्या हेतूनेच बांधले गेले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानात, ख्रिस्टीन धबधब्यासमोर उभा असलेला छोटा कमानी पूल हा त्यांपैकीच एक.

४,३९२ मीटर उंचीच्या या हिमाच्छादित ज्वालामुखीभोवती १८९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पायथ्यापासून पॅराडाइजच्या कुरणांपर्यंत जाणाऱ्या रस्त्याची आखणी यूजीन रिकसेकर या अभियंत्याने केली. जवळच्या वाटेपेक्षा प्रवाशाला हिमनद्या आणि धबधबे दाखवणारी वाट त्याने पसंत केली. पुढे मोटारी आल्या, वर्दळ वाढली आणि भक्कम पुलांची गरज भासू लागली. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा अस्तित्वात आली होती. उद्यानातील प्रत्येक बांधकाम भूदृश्याशी सुसंवादी असावे, हे धोरण १९१८ मध्ये लेखी ठरले. त्यातूनच ‘रस्टिक’ म्हणून ओळखली जाणारी रांगडी, अनघड शैली बहरली.

१९२७-२८ मध्ये बांधलेला हा पूल त्या शैलीचा लक्षणीय नमुना आहे. त्याचा भार पेलते ती पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटची कमान. डोळ्यांना दिसतो तो मात्र लहानमोठ्या, खडबडीत दगडांचा दर्शनी थर. खालच्या बाजूने पाहिले, तर धबधब्याचा खालचा टप्पा नेमका कमानीच्या चौकटीत येतो. निसर्गाच्या आड न येता त्याला चौकट पुरवण्याची ही नम्रता मोहक आहे. पण ती निरागस आहे काय?

दगडाने काँक्रीट झाकले, एवढाच प्रश्न असता तर तो सौंदर्यशास्त्रावर सोडता आला असता. या शैलीची खरी किमया अशी, की नवे बांधकाम अनादी काळापासून तिथेच असल्यासारखे भासते. उद्यानाच्या कल्पनेनेही असाच भास निर्माण केला : ही भूमी निर्मनुष्य होती आणि तशीच जतन झाली. वस्तुतः निस्क्वाली, पुयालप, याकामा आदी जमाती या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आणि रानफळे वेचीत आल्या होत्या. त्यांच्या भाषांतील ‘टाहोमा’सारखी नावे मागे पडली. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरने ज्याचे नाव पर्वताला दिले, त्या ब्रिटिश नौदल अधिकारी पीटर रेनियरने तो कधी पाहिलाही नव्हता.

पुलाखालचा ओढा व्हॅन ट्रम्पच्या नावाचा, धबधबा त्याच्या कन्येच्या नावाचा. १८७० मध्ये व्हॅन ट्रम्प आणि हॅझर्ड स्टीव्हन्स यांनी शिखर सर केले. नोंद असलेली ती पहिली यशस्वी चढाई. त्यांना वरच्या कुरणांपर्यंत स्लुइस्किन नावाच्या स्थानिक वाटाड्याने नेले आणि शिखरावर जाऊ नका, असे परोपरीने विनवले. त्याच्याही नावाचा एक धबधबा पॅराडाइजच्या वरच्या अंगाला आहे. पर्वताच्या अधिकृत नावात मात्र त्याच्या लोकांचा शब्द नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या पुलाचा समावेश झाला. १९९७ मध्ये उद्यानातील रस्ते व इमारती यांच्या समुच्चयास राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. स्वतःचे अस्तित्व लपवू पाहणारे बांधकाम अशा रीतीने इतिहास म्हणून नोंदले गेले, हे योग्यच झाले. कारण पूल कुणीतरी, कधीतरी, काही हेतूने बांधला, हे एकदा मान्य केले की भोवतालचे अरण्यही तसेच वाचावे लागते. कुणीतरी त्याची सीमा आखली आहे आणि त्या सीमेआधीही तिथे माणसे होती.