कालव्याकांठची खोली

इतिहासाचें संग्रहालय म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें घुमटाची भव्य इमारत उभी राहते. मुंबईचें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, जें आतां छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नांवानें ओळखलें जातें, १९२२ पासून लोकांस खुलें आहे. तें पाहून आलेला मनुष्य दिपून परततो. आणि परततांना नकळत अशी समजूत बरोबर घेऊन येतो कीं, इतिहास हा राजधान्यांत घडतो व राजधान्यांतच ठेवावयाचा असतो. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर पश्चिम रेल्वेनें डहाणूकडे जातांना बोईसरनंतरच्या वाणगांव स्टेशनावर एकदां उतरावें.

आम्ही उतरलों तो माघांतला दिवस होता. मिरचीच्या मळ्यांसाठीं हा भाग प्रसिद्ध आहे. आणि थोडें चालून गेलें कीं कालव्याचा भराव लागतो. वैतरणेस मिळणाऱ्या सूर्या नदीवर धामणी येथें धरण झालें व कवडासच्या बंधाऱ्यापासून दोन कालवे निघाले. त्यांच्या पाण्यानें या तालुक्यांत पावसाळ्यानंतरही शेत हिरवें राहूं लागलें. त्या भरावावर बसून आम्हीं एक खेळ आरंभिला. येथें, या पाण्याकांठीं, एकच खोली बांधावयाची; तींत चारच फळ्या; आणि त्यांवर केवळ या पंचक्रोशीचा इतिहास मांडावयाचा. तर काय मांडावें?

पहिल्या फळीबद्दल आम्हांस विचार करावा लागला नाहीं. १९५५ मध्यें जवळच्या चिंचणी गांवीं ताम्रपट सांपडले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्या वेळीं संयान मंडलावर, म्हणजे आजच्या संजाणच्या मुलुखावर, जो अधिकारी होता तो ताजिक, अर्थात् अरब होता. त्याचें नांव ताम्रपटांत ‘मधुमति’ असें येतें. तें मुहम्मद या नांवाचेंच संस्कृत रूप होय. या अरब अधिकाऱ्यानें राजाच्या अनुमतीनें देवीच्या एका मठिकेस जमीन दिली. शिवाय दोन प्रवाहांवर लोकांना फुकट पार करणारी नाव ठेविली व एक अन्नछत्र चालविलें, जेथें साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. पुढें इ. स. १०३४ च्या एका ताम्रपटांत शिलाहारांच्या अमलाखालील चामुंडराजानें संयानच्या मठिकेला तेलाचा एक घाणा दिल्याची नोंद आहे. हेतु हा कीं, देवापुढें दिवा जळावा व तेथील अध्ययन करणाऱ्यांच्या पायांना तेल लागावें.

वाचकहो, राजांच्या लढायांनीं आपलीं पाठ्यपुस्तकें भरलेलीं आहेत. परंतु हजार वर्षांपूर्वीं आपल्याच ओढ्यावर फुकट नाव होती, आणि दमलेल्या विद्यार्थ्यांच्या पायांना लावावयाच्या तेलाची कोणी काळजी वाहिली होती, हें किती मुलांना ठाऊक आहे? विद्वानांच्या ग्रंथांत हे लेख छापले गेले आहेत. पण ज्या मातींतून ते निघाले त्या मातीच्या मुलांस ते वाचून दाखविणारें कोणी हवें. संजाण तर १९६० च्या राज्यरचनेंत गुजरातेंत गेलें. म्हणजे हा इतिहास दोन राज्यांच्या सीमेवर, दोहोंच्याही अभ्यासक्रमांतून निसटावयाच्या बेतांत उभा आहे.

दुसरी फळी तारापूरच्या किल्ल्याची. वसईचा विजय घरोघरीं ठाऊक असतो. पण १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडण्यापूर्वीं, त्याच वर्षाच्या आरंभीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें पोर्तुगीजांचें तारापूर घेतलें. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार पडला. मोठ्या विजयाच्या उजेडांत त्याच्या आधींचे लहान व महाग विजय झांकले जातात. या फळीवर तरवार नसली तरी चालेल. तटाचा एक स्वच्छ नकाशा आणि पडलेल्यांची आठवण पुरे.

तिसऱ्या फळीपाशीं मात्र आमचा खेळ थांबला. कारण येथवरचा इतिहास पुढें मांडावयास कोणालाही आनंद वाटेल. यापुढचा तसा नाहीं. या मुलुखांत वारल्यांकडून वेठ घेतली जाई. लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढलें कीं नवरा व नवरी दोघेंही त्याच्या घरीं राबत. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत, आणि तें कर्ज बहुधा जन्मभर फिटत नसे. १९४५ मध्यें किसान सभेच्या नेतृत्वाखालीं वारली उठले. त्या वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें गोळीबार होऊन पांच जण मरण पावले. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकांत ही कहाणी लिहून ठेविली आहे.

आतां या फळीवर काय ठेवावयाचें? वारल्यांची चित्रें ठेवणें सोपें आहे. याच तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनीं गेरूच्या भिंतीवरील तांदळाच्या पिठाच्या रेषा जगांत पोंचविल्या, व २०११ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. तीं चित्रें तेथें असावींतच. परंतु त्यांच्या शेजारीं अंगठा उठविलेला एखादा कर्जरोखाही असावा असें आम्हांस वाटतें. असे कागद सांपडावयाचे ते आमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या घरांच्या पेट्यांत. आणि ते बाहेर काढतांना हात कचरेल तो आमचाच. संग्रहालयाची खरी परीक्षा येथें होते. जें अभिमानाचें तेवढेंच मांडणारी खोली ही देव्हारा होईल, संग्रहालय होणार नाहीं.

चौथी फळी कालव्याचीच. १९६९ मध्यें तारापूरला अणुवीजकेंद्र सुरू झालें. पुढें त्याच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. सूर्येचें पाणी शेताला म्हणून अडविलें गेलें. पण त्याचा मोठा वांटा आतां वसई-विरारसारख्या वाढत्या शहरांकडे जातो, आणि शेताचें पाणी कमी होईल ही धास्ती कालव्याच्या टोंकाच्या शेतकऱ्यांस वाटते. शहरालाही तहान आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण उठलेल्या गांवांचा नकाशा, पहिल्या वर्षीं पाणी आलें त्या दिवसाची कोणा म्हाताऱ्याची आठवण, पाणीवांटपाचा कागद, हें सर्व आज जपलें नाहीं तर पन्नास वर्षांनीं तें शोधावयास ताम्रपटही उरणार नाहीं.

कोणी म्हणेल, यास पैसा कोठून आणावा? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून दफ्तरें जमविलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचा देह पडला, आणि १९२७ मध्यें त्याच गांवीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. धुळें कांहीं राजधानी नव्हतें. मूळ ताम्रपट जेथें सुरक्षित असतील तेथेंच असावेत. गांवाला हवी आहे ती त्यांची उत्तम प्रतिकृति, शेजारीं सोपें मराठी भाषांतर, आणि कुलूप उघडणारा एक मास्तर.

संध्याकाळीं परततांना एक मुलगा भरावावर शेळ्या चारीत होता. आम्हीं त्याला फुकट नावेची गोष्ट सांगितली. त्यानें विचारलें, “त्या अन्नछत्रांत कोणीही जेवायला जात होतें का?” ताम्रपट वाचलेल्या आम्हां मंडळींस हा प्रश्न सुचला नव्हता. आम्ही त्यावर बोलत स्टेशनापर्यंत आलों. गाडी आली तरी त्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नव्हतें. तो प्रश्न मात्र चारही फळ्यांच्या वर, दारावरच लिहावा, एवढें आमचें ठरलें.