आगकाड्यांची मौज
आगकाड्यांची मौज : (१९१५). दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा मूक लघुपट. आगपेटीतल्या काड्या पडद्यावर आपोआप हलताना दाखवणाऱ्या या लघुपटापासून भारतीय ॲनिमेशनचा आरंभ मानला जातो.

छायाचित्रण आणि शिळामुद्रण ही फाळके यांची पहिली विद्या. शिवाय ते जादूगारही होते. आडनावाची अक्षरे उलटवून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते हातचलाखीचे प्रयोग करीत. १९१२ मध्ये लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम कुंडीतल्या वाटाण्याचे रोप चित्रित केले. एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्याने कित्येक दिवस थोडेथोडे चित्रण करून तयार झालेल्या ‘अंकुराची वाढ’मध्ये बी रुजून वेल होईपर्यंतचा क्रम मिनिटाभरात दिसे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) भांडवल उभे राहिले ते याच चित्रफितीच्या बळावर.

रोप निदान स्वतः वाढत होते. काडी मात्र हातानेच हलवावी लागते. काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चौकट टिपायची आणि पुन्हा काडी सरकवायची, अशी ही रीत. मूकपट सेकंदाला साधारण १६ चौकटींनी दाखवला, तर एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. मधेच कॅमेऱ्याला धक्का लागला किंवा उजेड बदलला, की तो पडद्यावर उघड दिसतो. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचाच असा चित्रपट केला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात फाळके यांच्याकडे भांडवलाची चणचण होती. नट, पोशाख आणि देखावे यांचा खर्च नसलेले लघुपट अशा वेळी परवडणारे होते.

पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ (१९३४) हा व्यंगचित्रपट काढला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागातून ‘द बॅनियन डिअर’ (१९५७) आला. विजया मुळे यांनी भीमसेन यांच्या ॲनिमेशनसह केलेला ‘एक अनेक और एकता’ (१९७४) दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला.

‘आगकाड्यांची मौज’ची प्रत आज उपलब्ध नाही. फाळके यांची कामाची पद्धत पाहायला मिळते ती ‘चित्रपट कसे तयार करतात’ (१९१७) या त्यांच्याच लघुपटाच्या शिल्लक तुकड्यांत.