हौशी जिल्हा संघ : सातारा-सांगलीच्या कबड्डीचा पूर्वेतिहास

कृष्णाकाठच्या गावांत कबड्डी हे नाव रुजण्यापूर्वी हा खेळ हुतूतू म्हणून ओळखला जाई, आणि संतवाङ्मयात त्याचा रूपक म्हणून उपयोग झालेला असल्यामुळे त्याची परंपरा किमान काही शतकांची आहे, हे निश्चितपणे म्हणता येते. चेंडू, फळी, जाळे यांपैकी कशाचीही गरज नसलेल्या या खेळाला मोकळी जमीन, मधली एक रेघ आणि ‘दम’ एवढेच पुरे होते. दम म्हणजे प्रतिपक्षाच्या अंगणात शिरलेल्या गड्याने श्वास न तोडता एकच शब्द सतत उच्चारीत राहणे; हा शब्द महाराष्ट्रात ‘हुतूतू’, तामिळनाडूत ‘चेडुगुडू’, तर बंगालात ‘हाडूडू’ असा होता. खर्च नसल्यामुळे खेळ सर्वत्र पसरला खरा, पण त्याच कारणाने तो प्रत्येक गावाचा स्वतंत्र राहिला. शेजारच्या गावाचा संघ आला, की खेळण्याआधी नियम ठरवावे लागत. शहराचा किंवा जिल्ह्याचा संघ ही कल्पना अशा स्थितीत उभी राहणेच शक्य नव्हते, कारण संघ उभा राहायचा तर त्याला हरवू शकणारा आणि तेच नियम मानणारा दुसरा संघ आधी असावा लागतो.

म्हणूनच साताऱ्याचे नाव या इतिहासात मोलाचे ठरते. 1918 साली साताऱ्यात या खेळाला एकसूत्री रूप देण्याचा प्रयत्न झाला आणि 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमबद्ध स्वरूपात अखिल भारतीय सामने भरविले, असे या खेळाच्या इतिहासात नमूद आहे. नियम करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न मैदानाच्या मापाचा नसून बाद झालेल्या गड्याचे काय करायचे, हा होता. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही आणि केवळ गुण मोजला जाई, ‘गामिनी’त तो बाहेर जाई आणि आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत परत येऊ शकत नसे, तर ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद होताच आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. शुक्राचार्यांच्या विद्येवरून पडलेले हे नाव ज्याला सुचले, त्याला खेळाचे मर्म नेमके कळले होते, असे म्हटले पाहिजे. गामिनी हा शारीरिक कसाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत कठोर प्रकार होता, परंतु त्यात उत्तम गडी पहिल्याच चढाईत बाद झाला तर प्रेक्षकांना तो दीर्घकाळ दिसत नसे आणि सामना केव्हा संपेल, याचाही भरवसा नसे. संजीवनीला वेळेची मर्यादा होती, पारडे शेवटच्या क्षणापर्यंत फिरू शकत होते. आजची कबड्डी तिच्यातूनच घडली. सर्व गडी बाद करून प्रतिपक्षावर ‘लोण’ चढविणे आणि त्याबद्दल दोन जादा गुण मिळविणे, हा या खेळातील सर्वांत मोठा पराक्रम. लोण हा शब्द मात्र आट्यापाट्यांच्या खेळातही पूर्वीपासून रुळलेला आहे.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि 1952 पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. महाराष्ट्रात संघटनेची बांधणी करण्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांचा वाटा एवढा मोठा आहे, की त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

सांगलीच्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. महाराष्ट्रातील कबड्डीचा राज्यस्तरीय मुकाबला जिल्हा संघांमध्ये होतो. गावोगावची मंडळे आपापसांत खेळतात, निवड चाचणीतून जिल्ह्याचा संघ निघतो आणि जिल्हा संघांतून राज्याचा. त्यामुळे संघाची सीमा ही महसुली सीमा असते. साताऱ्यात नियमांची चर्चा चालू होती तेव्हा सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके इंग्रजी अमलाखालील सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये या दोन्ही प्रकारच्या प्रदेशांतून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा तयार झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. एरवी केवळ कारभाराची वाटणारी ही घटना खेळाडूंच्या दृष्टीने आपण कोणत्या नावाने मैदानात उतरायचे, हे ठरविणारी होती.

सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या विश्रामबागेचे महत्त्व याच संदर्भात समजते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919 मध्ये येथे विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले आणि 1947 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाची त्यात भर पडली. संस्थानांची हद्द ओलांडून आलेले विद्यार्थी एका मैदानावर आणणारी अशी जागा या परिसरात दुर्मीळ होती. महाविद्यालयीन खेळाला विद्यापीठाची चौकट होती, ती आधी मुंबईची, नंतर पुण्याची आणि 1962 पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. परंतु शिक्षण संपल्यावर खेळत राहायचे असेल, तर गावच्या किंवा पेठेच्या मंडळाकडे परतावे लागे.

या मंडळांच्या खेळाला ‘हौशी’ म्हणतात. इंग्रजी ‘अमॅच्युअर’ या शब्दाचा मूळ रोख खेळाबद्दल पैसा न घेण्यावर होता, आणि 1972 नंतर राष्ट्रीय महासंघाने तो शब्द आपल्या नावातच घेतला. मराठी शब्दाची छटा याहून अधिक ऊबदार आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जेथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या सांगलीला हौशी नाटकमंडळी परकी नाहीत. दिवसा नोकरी किंवा शेती आणि संध्याकाळी तालीम, हाच क्रम कबड्डीच्या मंडळांतही चालला. असेच चित्र दूरच्या कॅनडातही दिसते. तेथे बर्फावरील हॉकीच्या हौशी वरिष्ठ संघांसाठी 1909 पासून ॲलन चषक खेळला जातो, आणि ट्रेल या धातू गाळण्याच्या कारखान्यावर जगणाऱ्या छोट्या गावाच्या संघाने 1939 व 1961 मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले. ट्रेलमध्ये कारखान्याने खेळाडूंना कामावर घेतले. महाराष्ट्रात हेच काम बँका, रेल्वे, पोलीस दल आणि विमान कंपन्या यांनी केले. मानधन नको, पण नोकरी हवी, या तडजोडीमुळे ग्रामीण खेळाडूंची घरे सावरली आणि त्याच वेळी गावच्या मंडळांतील उत्तम चढाईपटू मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक गटात, म्हणजे अशा आस्थापनांच्या संघांत, जाऊ लागले. ही हानी लहान नव्हती, तरी त्याबद्दल खेळाडूंना दोष देणे अन्यायाचे होईल.

2014 च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने ही जुनी तडजोड मोडली आणि खेळासाठी उघडपणे पैसा दिला. मातीऐवजी मॅट आली. दमाच्या जोडीला घड्याळ होतेच, आता प्रत्येक चढाईचे तीस सेकंद प्रेक्षकांसमोर मोजले जाऊ लागले. पहिल्याच हंगामात वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके दिल्लीच्या संघाचा प्रमुख चढाईपटू म्हणून घराघरांत पोहोचला. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला 27-25 असे हरविले, आणि त्या सुवर्णविजेत्या संघात सांगलीचा नितीन मदने होता. कासेगाव 1918 साली सातारा जिल्ह्यात मोडत होते.