रेडिओभोवती बसणारी माणसे

जालन्याच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. आमच्याकडे एक लहानसे रेडिओ मंडळ आहे. 'आहे' म्हणताना मी जरा चाचरतो, कारण मागच्या पावसाळ्यात ते जवळजवळ बंदच पडले होते. सुरुवातीला अठ्ठावीस नावे होती. वर्षभरात सहा उरली आणि त्यातलेही दोघे माझ्या तासाला बसणारे, म्हणजे थोडेफार भिडेपोटी येणारे. हे मंडळ मोडावे की ठेवावे, असा प्रश्न पडला. माझा धंदाच जुने कागद चाळण्याचा, तेव्हा म्हटले, आपल्याआधी ज्यांनी असली मंडळे काढली त्यांचे काय झाले ते तरी बघू. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्यापैकी पुष्कळजण शिक्षक आहात. गावात वाचनालय, भजनी मंडळ, तालीम, काही ना काही चालवत असाल. हा प्रश्न तुमच्याही ओळखीचा असणार.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात रेडिओ सरकारने आणला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. तो हौशी लोकांनी आणला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने देशातले पहिले प्रक्षेपण केले आणि पाच महिन्यांनी कलकत्त्याच्या क्लबने त्याचा कित्ता गिरवला. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले ८ जून १९३६ ला, म्हणजे पुरी तेरा वर्षे नंतर. सुरुवातीच्या वर्षांत रेडिओ म्हणजे तारा, गुंडाळ्या आणि काचेचे दिवे जमवून खटपट करणाऱ्या माणसांचा छंद होता.

मद्रासची हकीकत जास्त बोलकी आहे. तिथे सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांनी १६ मे १९२४ ला प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब काढला आणि ३१ जुलैला त्यांचे प्रक्षेपण सुरू झाले. यंत्र अवघे ४० वॅटचे. आज आपल्या ओसरीवर जुन्या पद्धतीचा दिवा लावतो तेवढीच त्याची ताकद! पुढे त्यांनी २०० वॅटचे यंत्र आणले. पण क्लब म्हटला की वर्गणी आली, आणि वर्गणी म्हटली की थकबाकी आली. ऑक्टोबर १९२७ मध्ये पैशाअभावी क्लब बंद पडला. शहाणपणाची गोष्ट अशी की, त्यांनी यंत्र भंगारात काढले नाही, मद्रास महापालिकेला देऊन टाकले. महापालिकेने १ एप्रिल १९३० पासून त्यावर स्वतःचे केंद्र चालवले. शाळांतल्या मुलांसाठी कार्यक्रम केले, समुद्रकिनाऱ्यावर कर्णे लावून लोकांना गाणे ऐकवले. १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओचे केंद्र तिथे आले, तोवर हे चालू होते. म्हणजे क्लब साडेतीन वर्षांत मेला, पण त्याचे काम मेले नाही.

मुंबईत वेगळे घडले. २३ जुलै १९२७ ला तिथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. मोठी कंपनी, मोठे यंत्र. हौशी माणसाला आता कोण विचारतो? ती कंपनीसुद्धा तीन वर्षे पुरी व्हायच्या आत दिवाळ्यात गेली, हा भाग निराळा. मुंबईला गेलात तर अपोलो बंदराच्या बाजूला 'रेडिओ क्लब' ही पाटी आजही दिसेल. लोक तिथे जेवायला आणि पोहायला जातात. मंडळ टिकते, इमारत टिकते, आणि ज्यासाठी जमलो होतो तेवढे मात्र निसटून जाते, असेही होते बघा.

आता मी ज्या हकीकतीपाशी जास्त रेंगाळणार आहे तिकडे वळतो. ती आपल्या महाराष्ट्राची आहे आणि खेड्याची आहे.

१९५६ साली युनेस्को आणि आकाशवाणी यांनी मिळून एक प्रयोग आखला. पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. आपला मराठवाडा त्यात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. आपल्याकडे निजामाच्या वेळचे औरंगाबादचे केंद्र १ एप्रिल १९५० ला आकाशवाणीकडे आले होते खरे, पण हा प्रयोग पुणे केंद्राचा. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे एक मंडळ. त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. १९५७ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम पुण्याहून लागायचा. शेती, आरोग्य, शिक्षण, गावकारभार असे विषय. एकूण वीस कार्यक्रम.

एवढ्यावर थांबले असते तर मी त्याचा उल्लेखही केला नसता. चावडीवर रेडिओ ठेवून चार माणसे ऐकत बसली, त्यात नवल ते काय? नवल पुढे आहे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि जे ऐकले त्यावर बोलायचे. चिटणिसाने कागद-पेन्सिल घेऊन लिहून घ्यायचे : काय ठरले, कशाला विरोध झाला, कोणता प्रश्न अडला. तो कागद टपालात टाकायचा. आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात पुण्याहून त्या प्रश्नाला उत्तर यायचे.

जरा डोळ्यांपुढे आणा. वीज नसलेले गाव. दिवसभर मोटेवर राबलेला माणूस घोंगडी अंगावर घेऊन बसलाय. त्याने गेल्या रविवारी विचारलेली शंका आज रेडिओतला माणूस मोठ्याने वाचतो आहे आणि तिचे उत्तर देतो आहे. त्या आधी रेडिओ त्याच्याशी बोलत होता. आता तो रेडिओशी बोलू लागला. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या मते सारे मर्म इथेच आहे.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिचे काम पॉल नॉयराथ नावाच्या प्राध्यापकांनी पाहिले. हे मूळचे व्हिएन्नाचे गृहस्थ. हिटलरच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड इथल्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेले आणि तिथून आपल्याकडे आलेले. माणसांची तोंडे बंद केली म्हणजे काय होते ते ज्याने भोगले, त्याने नाशिक-साताऱ्याच्या खेडुतांना तोंड उघडताना पाहावे, हा योग मला फार हृद्य वाटतो. त्यांनी आणि आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली छापला.

पाहणी कशी केली तेही ऐकण्यासारखे आहे. तीन तऱ्हेची गावे घेतली : मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती भराभर वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ झाली ती अगदी बेताची. म्हणजे यंत्र तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तेच. फरक होता तो भोवती बसून बोलणाऱ्या पंधरा-वीस माणसांचा. आणखी एक निष्कर्ष असा की, ही मंडळे नुसते ऐकून थांबली नाहीत. गावाची कामे ठरवू लागली, आणि काही ठिकाणी तर निवडून आलेल्या ग्रामपंचायतीपेक्षा लवकर ठरवू लागली. पंचायतीच्या पुढाऱ्यांना हे कितपत रुचले असेल, याची कल्पना तुम्हीच करा! प्रयोग संपला तेव्हा मंडळे पुढे चालू ठेवा, अशी गावांचीच मागणी होती.

आता शिक्षकबंधूंनो, तुम्ही विचाराल, मग ती मंडळे गेली कुठे?

१७ नोव्हेंबर १९५९ ला ही योजना देशभर लागू झाली. दीडशेची हजारो झाली. कागदावर आकडे फुगले, आणि दीडशे गावांसाठी जी निगा राखली होती ती हजारो गावांना पुरेना. पुणे जिल्ह्यात संघटक गावोगाव फिरत होता. मोठ्या योजनेत फिरणारा कोण? बॅटरी उतरली की संच महिनोन् महिने फडताळात पडून. चिटणिसाने कागद पाठवला तर उत्तर नाही. दोनदा लिहिले, तीनदा लिहिले, चौथ्यांदा कोण लिहील? मी या सगळ्यात बॅटरीला फारसा दोष देत नाही. बॅटरी बाजारात मिळते. उत्तर कुठल्या बाजारात मिळणार?

या कल्पनेचे मूळ कॅनडात होते. तिथल्या शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे १९४१ मध्ये सुरू झाली. बर्फाच्या दिवसांत शेजारीपाजारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमायचे, ऐकायचे, बोलायचे आणि आपला निकाल लिहून पाठवायचे. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचे ब्रीद. त्यांनाही १९६५ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. घरोघर दूरदर्शन आले, शेते मोठी झाली आणि शेजार विरळ झाला. पण चोवीस वर्षे चालणे ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडची किती मंडळे रौप्यमहोत्सवाच्या इतकी जवळ जातात?

हौशी प्रेषकांची, म्हणजे ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात त्यांची, वाट याहून थोडी निराळी. ते ऐकतात आणि स्वतःच्या यंत्रावरून बोलतातही. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षे पुरी झालेला मुलगा किंवा मुलगी ती देऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे परवाने रद्द झाले होते. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ ला महू इथल्या लष्कराच्या संदेशवहन शाळेत त्यांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि १९५४ मध्ये ती दिल्लीला गेली. या मंडळींनी टिकून राहण्याच्या काही युक्त्या शोधल्या आहेत. ठरलेल्या वेळी ठरलेल्या लहरीवर सगळ्यांनी हजेरी लावायची. बोलणे झाले की एकमेकांना पोस्टकार्ड पाठवून त्याची पोच द्यायची. कुठेतरी एक लहान यंत्र लपवून ठेवायचे आणि बाकीच्यांनी दिशा धरत ते हुडकायचे, त्याला ते 'कोल्ह्याची शिकार' म्हणतात. अमेरिकेत १९३३ पासून वर्षातून एकदा यंत्रे उचलून मोकळ्या रानात नेतात आणि तिथे वीज नसताना केंद्र उभे करून दाखवतात. खेळ वाटतो खरा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तारा तुटल्या, तेव्हा मदतीला धावलेल्यांत असे हौशी रेडिओवालेही होते. रानात केलेला तो खेळ तिथे कामाला आला.

हे सगळे वाचून मी आमच्या मंडळाकडे पाहिले आणि दोष कोणाचा ते कळले. दोष माझा होता. मास्तरकीची खोड! दर बैठकीला मीच बोलत होतो. मार्कोनी झाला, जगदीशचंद्र बसू झाले, लहरींचे प्रकार झाले. पोरे बिचारी वह्या घेऊन बसायची. यंत्राला हात मी लावायचा, चावी माझ्याकडे, हजेरीही मीच घ्यायची. अठ्ठावीसातले बावीस निघून गेले यात आश्चर्य नाही, सहा का राहिले हेच आश्चर्य.

तेव्हा दिवाळीनंतर मी दोन बदल केले. कपाटाची चावी एका मुलीकडे दिली. ती मंठ्याकडच्या एका खेड्यातून एस.टी.ने येते आणि तिच्याइतके नीट डाग देणे कॉलेजात कोणाला येत नाही, मला तर नाहीच. आणि बैठक गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता म्हणजे पाचला, कोणी येवो न येवो. बोलायचे कमी, करायचे जास्त. प्रत्येकाने आठवड्याला एक तरी दूरचे केंद्र ऐकायचे, वेळ आणि लहर लिहून ठेवायची आणि त्या केंद्राला पत्र टाकायचे.

पत्रांचे काय होईल याची मला धाकधूक होती. पुण्याच्या प्रयोगाचे वाचले होते ना! पहिले दोन महिने काहीच आले नाही. मग एका दुपारी शिपायाने माझ्या टेबलावर एक जाड पाकीट आणून ठेवले. परदेशी तिकिटे, आणि पत्ता त्या मुलीच्या नावाचा. मी ते उघडले नाही. गुरुवारपर्यंत तसेच ठेवले, आणि खोटे कशाला सांगू, तीन दिवस ते उघडून बघायचा मोह आवरणे मला फार जड गेले.

त्या गुरुवारी सहाच्या जागी नऊ जण आले होते. बातमी कशी फुटली कोण जाणे. पाकिटात एक रंगीत कार्ड होते आणि त्यावर तिने लिहून पाठवलेली तारीख, वेळ आणि लहर बरोबर असल्याची पोच होती. ते कार्ड हातोहात फिरले. भोकरदनच्या एका पोराने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, "सर, मी लिहिलं तर मलाबी येईल का?"

मी म्हटले, मला काय विचारतोस, चावी तिच्याकडे आहे.

सध्या आमच्यातले चौघे परवान्याच्या परीक्षेची तयारी करत आहेत. मंडळ अकरा जणांचे आहे. परीक्षेच्या दिवसांत ते पुन्हा पाचावर येईल हे मी धरून चाललो आहे. गेल्या गुरुवारी वीज गेली होती, म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडून संच चालवला. तो अर्धा तास चालला आणि नंतर आवाज बारीक होत गेला. पोरे मात्र अंधारात तशीच बसून, पुढच्या खेपेला बॅटरी भरून कोणी आणायची यावर वाद घालत होती.