मडगार्डची कड मुडपणे
रुंद टायर घासू नये म्हणून चाकावरच्या कमानीची आत वळलेली पत्र्याची कड वर दाबून सपाट करण्याचे काम. हबवर अवजार बसवून, हीट गनने रंग तापवत, त्याचा रोलर कडेवरून थोडाथोडा फिरवतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा घालते. मालवण किनाऱ्यावर मात्र मोठा प्रश्न गंजाचा. तापवलेला रंग तडकत नाही, हा युक्तिवाद बाहेरच्या रंगापुरता बराचसा खरा. पण मागच्या कमानीत बहुधा दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. कड वळताना त्यांच्यामधला सीलर फाटू शकतो आणि खारी हवा, पावसाळ्यातला तांबडा चिखल त्या फटीत मुरतो. म्हणून आधी योग्य ऑफसेटची, म्हणजे टायर कडेला न लागता कमानीच्या आत बसेल अशी, चाके शोधावीत. कड मुडपलीच, तर नवा सीलर आणि गंजरोधक थर त्याच दिवशी, आतूनही द्यावा.