जपानी व्हिडिओ गेमचे संगीत : पाच चॅनेलांवरची सुरावट

करोनामुळे वर्षभर लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकचे उद्घाटन २३ जुलै २०२१ रोजी झाले. देशोदेशींची पथके मैदानात उतरत असताना तेथे लष्करी बँडच्या धून वाजत नव्हत्या. वाद्यवृंदावर वाजत होत्या त्या जपानी व्हिडिओ गेममधील रचना. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या प्रारंभसंगीताने संचलनाला सुरुवात झाली. पुढे 'फायनल फँटसी', 'क्रोनो ट्रिगर', 'मॉन्स्टर हंटर' असे खेळ आले. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग यांच्या हाती तिरंगा असलेले भारतीय पथकही याच संगीताच्या साथीने चालत गेले. खेळांच्या यंत्रातून येणाऱ्या आवाजाला जपानीत 'पिकोपिको' असा काहीसा गमतीचा अनुकरणवाचक शब्द आहे. या पिकोपिकोला राष्ट्रीय सोहळ्याचा मान मिळण्यास सुमारे चार दशके लागली.

आरंभ अगदीच साधा होता. 'ताइतो' कंपनीच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) या खेळात खर्जातले चारच स्वर पुन्हा पुन्हा वाजत. शत्रूंची संख्या घटत जाई तशी त्यांची लय वाढे आणि खेळणाऱ्याची धडधडही. एवढ्या तुटपुंज्या साधनांनी ताण निर्माण करता येतो, हा धडा पुढच्या रचनाकारांच्या कामी आला. 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' या गटातील हारुओमी होसोनो यांनी १९८४ मध्ये 'नामको'च्या खेळांतील संगीताची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा खेळ बाजूला ठेवून नुसते त्याचे संगीत ऐकणारा श्रोताही असू शकतो, हे दिसून आले.

तोपर्यंत 'निन्टेन्डो'चे 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात येऊन (जुलै १९८३) वर्ष होत आले होते. आज ज्याला स्मरणरंजनाचे संगीत म्हणतात, त्याचा मोठा भाग या यंत्राच्या चिपमधून निघाला. तिच्यात ध्वनीचे पाच चॅनेल होते. दोन चॅनेल चौकोनी लहरींचे, धारदार स्वरांचे. मुख्य सुरावट आणि तिची साथ बहुधा यांच्यावर. तिसरा त्रिकोणी लहरींचा, मवाळ, आणि त्याचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच नाही; तो बहुतेक वेळा खर्जासाठी वापरला जाई. चौथ्यावर नुसती खरखर, तिचे लहान तुकडे करून तालवाद्य साधायचे. पाचव्यावर आधी ध्वनिमुद्रित केलेले छोटे आवाज वाजवता येत. पण ते जागा फार खात आणि जागेचीच तर वानवा होती. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ चित्रे, नियम आणि संगीत मिळून अवघ्या ४० किलोबाइटचा आहे.

त्या खेळाचे संगीतकार कोजी कोंदो १९८४ मध्ये निन्टेन्डोत रुजू झाले होते. मैदानी टप्प्यासाठी त्यांनी आधी रचलेली धून मारिओच्या धावण्याउड्या मारण्याच्या लयीशी जुळेना, म्हणून ती बाजूला ठेवून त्यांनी नवी रचली. अडचण आणखी एक होती. उडीचा आवाज चौकोनी लहरींचाच एक चॅनेल घेतो आणि तेवढ्या क्षणापुरता संगीतातील एक स्वर गळतो. म्हणजे क्षणाक्षणाला तुटूनही उभी राहील अशी सुरावट हवी. शिवाय ती संपताच, आवर्तन समेवर यावे तशी, सांधा न जाणवता पुन्हा सुरू व्हायला हवी. कारण एकाच टप्प्यावर अडलेला मुलगा ती शंभर वेळा ऐकणार. ही धून साऱ्या जगाच्या ओठी बसली, त्यामागे या अडचणींचा वाटा प्रतिभेइतकाच आहे.

'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) चे कोइची सुगियामा यांची गोष्ट निराळी. ते दूरचित्रवाणी आणि जाहिरातींचे नावाजलेले संगीतकार, वय पंचावन्न. 'एनिक्स' कंपनीच्या शोगीच्या खेळासोबत आलेले अभिप्रायाचे कार्ड त्यांनी भरून पाठवले आणि नाव ओळखून कंपनीनेच त्यांच्याशी संपर्क साधला. २० ऑगस्ट १९८७ रोजी टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये त्यांनी या रचनांची मैफल केली. गेमचे संगीत सभागृहात बसून ऐकण्याची प्रथा तेथून पडली.

सुगियामांना नाव होते; इतरांना ते मिळू दिले गेले नाही. प्रतिस्पर्ध्यांनी माणसे पळवू नयेत म्हणून अनेक कंपन्या रचनाकारांची खरी नावे पडद्यावर येऊ देत नसत. 'मेगा मॅन' (१९८७) चे संगीत देणाऱ्या मानामी मात्सुमाए यांचा उल्लेख 'चांचाकोरिन मानामी' असा. 'मेट्रॉइड'चे हिरोकाझु तानाका 'हिप तानाका'. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तर श्रेयनामावलीच नाही. लाखो मुलांना पाठ असलेली धून कोणाची, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. युझो कोशिरो हे ठळक अपवाद; 'स्ट्रीट्स ऑफ रेज' (१९९१) च्या आरंभीच्या पडद्यावर त्यांचे नाव झळकत असे. कंपन्यांच्या या गोपनीयतेचा फटका स्त्रियांना विशेष बसला असे म्हणावे लागेल. मात्सुमाए काय किंवा 'स्ट्रीट फायटर २' च्या योको शिमोमुरा काय, या क्षेत्राच्या पायाभरणीत स्त्रियांचा वाटा किती मोठा होता, हे पुष्कळ उशिरा लोकांच्या ध्यानात आले.

१९९० च्या 'सुपर फॅमिकॉम'मध्ये सोनीची चिप आली: आठ चॅनेल, वाद्यांचे मुद्रित नमुने वाजवण्याची सोय, पण ध्वनीसाठी स्मृती ६४ किलोबाइटच. नोबुओ उएमात्सु यांनी 'फायनल फँटसी ६' (१९९४) मध्ये तीवर चक्क ऑपेराचा प्रवेश उभा केला. खरे शब्द मावणे अशक्य, म्हणून गाणे पडद्यावर अक्षरांत आणि कानी केवळ मानवी आवाजाचा भास.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ मध्ये मारिओची मैदानी धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत नोंदवली. व्हिडिओ गेमच्या संगीताचा त्या सूचीत हा पहिलाच प्रवेश. मात्र जतन नेमके कशाचे करायचे, हा प्रश्न उरतो. 'अकुमाजो देन्सेत्सु' (१९८९) या खेळाच्या जपानी कार्ट्रिजमध्ये तीन जादा चॅनेल देणारी चिप होती. निर्यातीच्या यंत्रात तिचा आवाज बाहेर येण्याची वाटच नसल्याने 'कॅसलव्हेनिया ३' या नावाने परदेशी गेलेल्या त्याच खेळाचे संगीत विरळ झाले.

भारतात १९९० च्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडलेले 'व्हिडिओ गेम' बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या कार्ट्रिजला येथे सर्रास 'कॅसेट' म्हणत आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे तिच्या वेष्टनावर छापलेले असे. अशा अनेक नकली चिपांत चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली आहे. स्वर तेच राहतात, नादाचा पोत मात्र बदलतो. लहानपणी अशा यंत्रावर मारिओ खेळलेल्या वाचकाला आज मूळ ध्वनिमुद्रण काहीसे परके वाटले, तर तो दोष स्मृतीचा नसण्याची बरीच शक्यता आहे.